दिवसा झोप येईल अशी खोली

पूर्णेत भाड्याची खोली बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो आणि मग मान वर करतो. वर पत्रा दिसला तर बोलणं तिथंच संपतं. स्लॅब असेल तर पुढचा प्रश्न येतो, "ह्याच्यावर अजून मजला हाय का?" असेल तर घरमालक भाडं थोडं चढवूनच सांगतो, कारण वरच्या बिऱ्हाडानं खालच्यांच्या वाटणीचं ऊन डोक्यावर घेतलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा भिंतीचा रंग कोण बघतो?

त्यात हे गाव रेल्वेचं. निजामाच्या राज्यात १९०० साली हैदराबाद-मनमाड लाइन सुरू झाली, पुढं इथून हिंगोलीकडं फाटा फुटला आणि नदीकाठचं हे गाव जंक्शन झालं. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, पॉइंट्समन अशी माणसं इथं तीन-चार पिढ्या राहत आली. त्यामुळं गावाला एक रीत लागली. भर दुपारी गल्लीत पोरं ओरडली की कुठल्या तरी दारातून दबकी दटावणी येते, "हळू रे, रातच्याला ड्यूटी केलीय त्यांनी." वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत कॉल बॉय सायकलवर रजिस्टर घेऊन फिरायचा, झोपलेल्याला उठवून सही घ्यायचा. आता मोबाइल वाजतो. झोपायची वेळ मात्र तीच, भर उन्हाची.

माझ्या शेजारचे काका मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. २०२२ पासून रेल्वेनं गार्डचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलंय. गावानं अजून केलेलं नाही, म्हणून ते गार्डकाकाच. फंडाच्या पैशातून त्यांनी स्टेशनच्या बाजूला तीन मजले काढायला घेतले. सहा बिऱ्हाडं, सगळी भाड्यानं द्यायची. दोन स्लॅब पडले होते, वीटकाम सुरू व्हायचं होतं, आणि काका संध्याकाळी पाइपनं स्लॅबवर पाणी मारता मारता मला म्हणाले, "सर, माझा भाडेकरू ड्रायव्हरच राहणार. पोरगं दिवसा झोपलं पाहिजे. नाही झोपलं तर रात्री सिग्नल काय बघंल? तुम्ही मुंबईला चाल्लाव ना, तर बघून या की तिथं कसं करतात."

मी चाललो होतो भाचीकडं. ती परिचारिका आहे, रात्रपाळी तिचीही. नवी नोकरी लागली होती आणि तिला जवळपास घर हवं होतं. म्हणजे दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: दिवसा झोप येईल अशी खोली.

निघण्याआधी काका मला रेल्वे कॉलनीत घेऊन गेले. ज्या क्वार्टरमध्ये त्यांची पंधरा-सोळा वर्षं गेली ते आता रिकामं आहे. अंगणातला लिंब मात्र दुप्पट झालाय. दुपारचे चार वाजलेले. काकांनी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हात लावायला सांगितला. चटका बसला. मग आत येऊन त्याच भिंतीला हात लावायला सांगितला. कोमट म्हणण्याइतकीही नव्हती. भिंत हातभर जाडीची, छत उंच, छताच्या खाली गरम हवा निघून जायला झरोके, खिडकीला लाकडाच्या दोन झडपा. "पगारातून भाडं कापायचे," काका म्हणाले. "पण घर सरकारचं. पुन्हा चाळीस वर्षं तेच वापरायचं हे त्यांना ठाऊक होतं."

काकांचं हे वाक्य पुढचे दहा-बारा दिवस माझ्याबरोबर फिरलं.

आमच्याकडं याहून थंड घरं होती ती माळवदाची. गोदावरी-पूर्णेच्या संगमावर कंठेश्वर आहे. त्या बाजूच्या गावांत अजून एखाद-दुसरं शिल्लक आहे. जाड तुळया, त्यांवर लाकडाची लादणी, वर पाला आणि त्याच्यावर हात-दीड हात पांढरी माती. गावठाणाला आम्ही 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी', तीच ही पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर बांधलेल्या भिंती तडकतात. पांढरी पाणी धरत नाही. दर मृगाच्या आधी माळवदावर पांढरीचा नवा थर चढायचा. उजेडाला आणि धुराला वर एक साणं. दुपारी तिथं घोंगडं टाकून पडलं की पहारेकऱ्यालाही झोप यावी असा गारवा.

पण त्याचं फार कौतुक आमच्या भागात कोणी करत नाही, आणि त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावरचं हे मणामणाचं छत झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेले. त्यानंतर मराठवाड्यात ज्याच्या हातात चार पैसे आले त्यानं आधी माळवद उतरवलं आणि चार-पाच इंची स्लॅब टाकला. जीव वाचला, झोप गेली.

दिवसाच्या गाडीनं निघालो. पूर्णा ते मुंबई हा अख्ख्या दिवसाचा प्रवास, आणि आमच्या डब्यात तो घरच्या ओसरीसारखा पार पडतो. परभणी यायच्या आत समोरच्या बाईनं कोणत्या गावचे, पाव्हणे कोण, मुंबईला कोणाकडं, हे सगळं विचारून घेतलं आणि मगच धपाट्यांचा डबा उघडला. दही वेगळ्या बरणीत, शेंगदाण्याची चटणी कागदात. नको म्हणायची सोय नसते. सेलू, परतूर मागं पडलं. काळी भेगाळून पडलेली, बांधावर पऱ्हाटीचे ढीग. त्यात मधूनच एखादं नवं घर: चार खांब, स्लॅब, आणि पुढच्या मजल्यासाठी वर काढून ठेवलेल्या गंजक्या सळया. सावलीला एकही झाड नाही. दौलताबादचा किल्ला खिडकीतून गेला. देवगिरीच्या यादवांनी कातळ कोरून थंडावा मिळवला, असं समोरच्या बाईंनी ठासून सांगितलं. कातळ कोरला तो शत्रूसाठी, असं मला वाटत होतं. पण धपाटी त्यांचीच खाल्ली होती.

इगतपुरीनंतर घाट उतरला आणि हवा चिकट झाली. डब्यातला आवाजही बदलला. कल्याणला चढलेली माणसं कोणाला काही विचारत नव्हती. आमच्याकडं न विचारणं म्हणजे उद्धटपणा; इथं विचारणं. दोन्हींत माणूस दुसऱ्याला सांभाळतच असतो, असं मला हळूहळू पटलं. एका पोरानं कानातली तार न काढता, माझ्याकडं न बघता, माझी पिशवी वर ठेवून दिली.

खिडकीतून मोठमोठे फलक दिसायला लागले. 'वेलनेस लिव्हिंग', 'झेन गार्डन', 'योगा डेक'. चित्रातली बाई उगवत्या सूर्याकडं तोंड करून बसलेली. त्यामागं उभ्या टॉवरच्या बेडरूमच्या खिडक्या आमच्याकडच्या न्हाणीच्या खिडकीएवढ्या.

दुसऱ्या दिवशी घरं बघायला निघालो. ब्रोकर भला मुलगा होता, दार उघडण्याआधी डिपॉझिट सांगत होता. करार अकरा महिन्यांचा. ही अकराची सवय नोंदणी कायद्यातून आलेली: वर्षापुढच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लेखी करार आणि नोंदणी घरमालकावर बंधनकारक केली, तरी अकरा महिने काही सुटले नाहीत. अकरा महिन्यांच्या पाहुण्यासाठी खिडकीवर छज्जा कोण वाढवणार?

भाचीनं पहिल्याच घरात विचारलं, "दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं?"

ब्रोकरला हा प्रश्न बहुधा कोणी विचारला नव्हता. त्यानं चारी भिंतींकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, एसी लावून घ्या ना."

सगळी गोम ह्यात आहे. भिंत मालकाची, तिच्यातून येणारं ऊन भाडेकरूचं. जाड भिंतीचा खर्च मालकानं करायचा आणि विजेच्या बिलात बचत व्हायची दुसऱ्याची; मग मालक पातळ भिंत बांधतो. बांधून विकून निघून जाणाऱ्याला तर त्याहून सोपं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ साली 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये अशी मर्यादा आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या १० टक्के आणि दमट किनाऱ्यावर सुमारे १७ टक्के इतकी जागा उघडणाऱ्या खिडकीची हवी, असंही आहे. 'उघडणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. त्या घरातली खिडकी स्लायडिंगची होती. दोन काचा एकमेकींवर सरकतात, म्हणजे चार फुटांची खिडकी कधीच दोन फुटांवर उघडत नाही. वारा निम्मा, पैसे पुरे. शिवाय ही संहिता काढली ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी. गार्डकाकांचा प्लॉट त्यात बसणारच नाही, आणि लहान गावांत भाड्यानं जाणारी बहुतेक घरं अशाच प्लॉटवर उभी राहतात.

भाचीला दुसरा प्रश्न विचारला गेला तो वेगळाच: "व्हेज की नॉनव्हेज?" पूर्णेत हाच प्रश्न आडनावावरून विचारतात आणि मग खोली 'कालच गेलेली' असते. भाड्याच्या घराच्या आरोग्याबद्दल बोलताना लोक हवा-उजेडाबद्दल बोलतात. पण दार उघडण्याआधी जो प्रश्न येतो, त्यानं किती बिऱ्हाडं पत्र्याखाली ढकलली असतील, कोण जाणे.

तिला कामावर पोचवून मी माटुंगा-दादरच्या गल्ल्यांत हिंडलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याच्या धास्तीतून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्याच दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. प्लेग, क्षय हे अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माजतात, अशी तेव्हाची समजूत. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतल्या हवा-उजेडावर भाषण दिलं, आणि ट्रस्टनं साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला. ऐकायला भूमितीचा वाटतो, मोजायला सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं पाहिजे. तेवढं असलं की तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळाची एक पट्टी दिसते.

तिथल्या जुन्या इमारती तीन-चार मजली आहेत, बऱ्याच १९३०-४० च्या दशकांतल्या. आज लोक त्यांना 'आर्ट डेको' म्हणून फोटो काढतात. त्या बांधल्या मात्र भाड्यानं द्यायला. फ्लॅट विकत घ्यायची पद्धत रुळली ती नंतर. मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदाच मुळी १९६३ चा. खिडक्यांवर भुवईसारखे लांब छज्जे, कोपऱ्याला गोलाई दिलेल्या बाल्कन्या, जिन्याला उभी जाळी. एका इमारतीखाली उडप्याकडं फिल्टर कॉफी घेताना समोरच्या पहिल्या मजल्यावर एक आजोबा भर दुपारी आरामखुर्चीत गाढ झोपलेले दिसले. रस्त्यावर बस, रिकामे टेम्पो, माणसं. पण पुढं जुनं झाड आणि त्याच्या मागं खोल बाल्कनी. मी खिशातून वही काढून काकांसाठी लिहिलं: छज्जा दोन फूट.

त्याच इमारतींचे मागचे भाग बघितले तर भिंतीतून पिंपळ उगवलेले. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाईच्या दिवसांत भाडेकरू वाचला हे खरंच. पण त्या भाड्यात पुढं रंगाचा डबाही येईना, मग मालकानं इमारतीकडं बघणं सोडलं. इतकं की १९६९ पासून सरकारलाच उपकर घेऊन दुरुस्तीचं मंडळ चालवावं लागलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांवर होत्या. मालक तोच, इमारत तीच, पण त्याचा जीव तिच्यातून गेला होता. तेव्हा काकांच्या वाक्याला एक पुरवणी लागते: घर पुन्हा आपल्यालाच वापरायचं असलं पाहिजे, आणि ते सांभाळायला भाड्यातून काही उरलंही पाहिजे.

वरळीला बीडीडी चाळींत गेलो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या ह्या सिमेंट काँक्रीटच्या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेवर इमारती. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. सुरुवातीला लोक तिथं राहायला यायला तयार नव्हते. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं ओस पडल्या होत्या. उरलेल्या एका चाळीत शिरलो. मधोमध बोळ, दोन्ही हातांना खोल्या. समोरासमोरची दारं उघडी असतील तरच वारा आरपार जातो. म्हणून दारं उघडी. दारं उघडी म्हणून एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात, आणि तिसऱ्या घरातलं पोर चौथ्या घरात जेवायला. चाळीच्या त्या नावाजलेल्या शेजारधर्माचं श्रेय थोडंफार वाऱ्याकडंही जातं.

पलीकडं नवे टॉवर उभे आहेत. म्हाडानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या; १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट, मालकीचं. एक आजी खाली बाकावर बसल्या होत्या. घर आवडलं का, विचारलं. "घर लय भारी," त्या म्हणाल्या. "संडास घरात. पण दुपारी दार लावून एकटीला झोप येत नाही बघा." मी वहीत काही लिहिलं नाही. काकांच्या इमारतीत ह्यावर काय उपाय करायचा, मला सुचेना.

भाची आधी गोवंडीच्या बाजूला काम करायची. सुट्टीच्या दिवशी ती मला नटवर पारेख कंपाउंडकडं घेऊन गेली. "मामा, इथं एकदा बघाच." रस्ते-प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठीच्या ह्या सात-आठ मजली इमारती. दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम तीन मीटर, त्यातही वरून पडलेला कचरा. ट्रस्टचा नियम लावला तर इथं दहा मीटर तरी मोकळे हवे होते. सकाळी अकरा वाजता पहिल्या मजल्यावर दिवे लागलेले. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं २०१८ मध्ये इथला आणि लल्लूभाई कंपाउंडचा अभ्यास मांडला, त्यात ऊन-वारा न मिळणारी घरं आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगानं शिकवलेलं शहरानं एवढ्या नीट विसरावं, याचं नवल वाटतं. त्याच विसरण्यातला आणखी एक नमुना: एमएमआरडीएनं २००८ साली खास भाड्यानं द्यायला घरांची योजना आणली, तेव्हा खोलीचं माप पुन्हा १६० चौरस फूटच निघालं. पुढं ती भाड्याची योजना गुंडाळली. दोन-दोन खोल्या जोडून पनवेलकडची घरं गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली.

गोवंडीहून परतताना भाची गप्प होती. मग म्हणाली, "इथल्या बायकांना मी उन्हात बसा म्हणून सांगायचे. कुठं बसणार?"

कुलाब्याला खुसरो बाग आहे, तिथं मी एकटाच गेलो. आत जाता आलं नाही. रखवालदारानं नम्रपणे, पण ठाम अडवलं. कमानीतून दिसलं तेवढं बघितलं. पोटात मोकळी हिरवी जागा आणि सभोवार तिच्याकडं तोंड करून उभ्या चार-पाच मजली इमारती. कॉजवेवर कानठळ्या बसवणारा बाजार, आणि कमानीच्या आत सायकल शिकणाऱ्या पोराला दिलेली हाक सुद्धा स्पष्ट ऐकू यावी इतकी शांतता. वाडिया घराण्यातल्या जेरबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून गरजू पारशी कुटुंबांसाठी अशा बागा उभारायला घेतल्या. ही १९३० च्या दशकातली, क्लॉड बॅटली यांच्या कंपनीनं आखलेली. घरं भाड्याची. मालक ट्रस्ट, त्याला विकून कुठं जायचं नाही. मात्र कमानीच्या आत राहायला पारशीच असावं लागतं. आमच्या आडनावाच्या प्रश्नाचंच हे देखणं रूप, असं मनात आलंच.

कोणालाही न वगळता हे करता येतं का, याचं उत्तर शोधायला व्हिएन्नापर्यंत जावं लागतं. तिथं पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिकेनं घरांवर कर बसवून हजारो भाड्याची घरं बांधली आणि ती आजतागायत स्वतःकडं ठेवली. १९७३ ते १९८५ मध्ये तिथं आल्टरला नावाची वसाहत झाली. आर्किटेक्ट हॅरी ग्लूक. तीन हजारांवर भाड्याची घरं, खालच्या मजल्यांना झाडं लावलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बाल्कन्या, आणि गच्चीवर सात पोहण्याचे तलाव. फलकावरचं वेलनेस तिथं सामान्य भाडेकरूला मिळतं. मी हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "तलाव राहू द्या मामा, मला पडदा लावायला एक खिळा ठोकू दिला तरी पुरे. इथं भिंतीला भोक पाडलं की डिपॉझिट कापतात."

शेवटी तिला घर मिळालं ते एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, आणखी दोघी परिचारिकांबरोबर. लिफ्ट नाही, म्हणून भाडं थोडं कमी. पश्चिमेला जुना पर्जन्यवृक्ष. पहिल्या दिवशी रात्रपाळी करून आली ती दुपारी तीनपर्यंत उठलीच नाही. मी स्वयंपाकघरात बसून तिघींसाठी सुशीला केला, मुरमुऱ्यांचा, आमच्याकडं करतात तसा. तिघींपैकी एक केरळची होती. तिला मी विचारलं, तुमच्याकडं विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात ना? लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला बांधलेल्या भिंती मी एकदा बघितल्या होत्या. विटा साधारण चतुर्थांश वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. तिनं मोबाइलवर स्वतःच्या आत्याच्या घराचा फोटो दाखवला. मी तो काकांना पाठवला. उत्तरात फक्त 'कामून?' असं आलं.

पूर्णेला उतरलो तेव्हा सकाळीच वारा तापला होता. काका बांधकामावर होते. वही उघडून मी एकेक सांगायला लागलो. जिना आणि न्हाण्या पश्चिमेला घ्या, म्हणजे ऊन त्या खातील. काका म्हणाले, कॉलम कवाच पडले. पश्चिमेला चार फूट सोडून लिंब लावा. काकांनी बोटांवर हिशेब केला: चार फूट म्हणजे एक खोली गेली, म्हणजे वर्षाचं अमुक इतकं भाडं गेलं. लिंब रद्द. वरच्या स्लॅबवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, नाहीतर दर उन्हाळ्यात चुना मारा. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच काढलंय, २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतं. काकांची लेक निजामाबादला दिलेली. ते म्हणाले, "तिच्याही घरावर मारलाय चुना. हे करू." खिडक्या दोन झडपांच्या, पण फक्त झोपायच्या खोलीला, बाहेरच्या खोलीला स्लायडिंगच, कारण भाडेकरूच्या बायकोला स्लायडिंग आवडतं, असं काकूंचं मत पडलं. छज्जा दीड फूट. अर्धा फूट नगरपालिकेच्या भीतीनं कमी झाला.

आणि भिंत? मिस्त्री आधी रुसला होता. विटा कडेवर उभ्या करायच्या हे त्याच्या बापानं कधी केलं नव्हतं. मग फोटो बघून त्यानं तळमजल्याची पश्चिमेची एक भिंत तशी उचलली, संध्याकाळी उरलेल्या विटा मोजल्या, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता दुसरी भिंतही तशीच सुरू केली. पोकळीत सिमेंट पडू नये म्हणून तो प्रत्येक थराला त्या फटीवर लाकडाची पट्टी धरायचा. थर झाला की पट्टी उचलायची, झटकायची, पुढं सरकवायची. हे काम तो कुणा गड्याला देत नव्हता.

दोनच्या सुमाराला एक तरुण ड्रायव्हर आला. डोळे लाल, हातात डबा, रात्रीची गाडी आणून सोडलेली. राहत होता गावात कुठंतरी पत्र्याखाली. त्यानं नळ शोधला. नळ अजून नव्हता. मान वर केली. वर दोन स्लॅब होते. मग तो तळमजल्याच्या मागच्या खोलीत गेला, दार नसलेल्या चौकटीतून आत. भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"काका, इथं जरा पडू का?" त्यानं विचारलं.

काकांनी सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या झटकून अंथरल्या. पोरगा डबा उशाला घेऊन आडवा झाला. बाहेर मिस्त्रीच्या गड्यानं मिक्सर सुरू करायला हात घातला होता. काकांनी लांबूनच तळहात दाखवून त्याला थांबवलं, आणि खांबाच्या सावलीत तंबाखू मळत बसले.